मागच्या गल्लीतले बावीसचाकी ट्रक

रस्त्यांबद्दल मला कुणी काही शिकवावं असं आता उरलेलं नाही, असं एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझं प्रामाणिक मत होतं. अठरा वर्षं रस्ते खात्यात काढली होती. नुसत्या वासावरून डांबर किती तापलंय ते सांगायचो! पण खात्याने फर्मान काढलं, की यापुढे वरची जागा हवी असेल तर महामार्ग आणि वाहतूक अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी पाहिजे. त्यासाठी दोन वर्षांची अभ्यासरजा मिळेल, पण एकदाच. पदवी घेऊन आलात तर उत्तम, नाहीतर आहात त्याच खुर्चीवर निवृत्तीपर्यंत खड्डे मोजत बसा.

मी म्हटलं, त्यात काय! आणि कॉलेजात दाखल झालो. पहिल्याच दिवशी वर्गातली तेवीस-चोवीस वर्षांची पोरं मला बघून ताडकन उभी राहिली. त्यांना वाटलं, लेक्चर माझंच आहे. मी खाली मान घालून शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. माझे गाईड माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान होते. ते मला आदराने ‘तुम्ही’ म्हणायचे आणि मी लिहिलेली पानं तितक्याच आदराने परत करायचे.

तरी तीन सेमिस्टर पार पडले. राहिला प्रबंध. माझा विषय होता शहरातल्या सर्वांत मोठ्या चौकातला विलंब. आता विलंब ही आमच्या शास्त्रात फार गंभीर बाब आहे. माणूस कुणासाठी थांबला, का थांबला, हे आम्ही विचारत नाही. किती सेकंद थांबला, एवढंच विचारतो. सकाळी कॉलेजची गाडी मला चौकात सोडायची आणि संध्याकाळी उचलायची. चार महिने मी हातात स्टॉपवॉच धरून तिथे उभा होतो. लक्ष विचलित होऊ नये म्हणून फोनसुद्धा बंद ठेवायचो.

मग गाईड म्हणाले, ‘‘चौकाचे आकडे आले. आता तुलनेसाठी एक शांत रस्ता हवा. जिथे काहीही घडत नाही असा.’’

‘‘सर, असा रस्ता माझ्या घराच्या मागेच आहे!’’ मी म्हणालो. ‘‘सात दिवसांत आकडे तुमच्या टेबलावर ठेवतो. त्यात चुकायला जागाच नाही!’’

खरोखर नव्हती. आमच्या इमारतीमागची ती गल्ली एका बाजूला इमारतींच्या पाठी आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या गोदामाची भिंत यांच्यामध्ये गप्प पडलेली असते. मी तिथे रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या ठोकल्या आणि त्यांची टोकं एका पेटीला जोडली. पेटी साखळीने दिव्याच्या खांबाला बांधली. गाडीचं चाक नळीवरून गेलं की नळीतली हवा दाबली जाते आणि पेटी नोंद करते. पुढच्या चाकांनंतर मागची चाकं किती वेळाने आली, त्यावरून गाडी केवढी, कुठल्या दिशेची आणि किती वेगाची, ते पेटी स्वतः ठरवते.

बायको कपडे वाळत घालताना गच्चीतून बघत होती. मी वर आल्यावर तिने विचारलं, ‘‘हे किती दिवस राहणार?’’

‘‘सात.’’

‘‘दुपारीसुद्धा?’’

‘‘अगं, चोवीस तास! ही पेटी झोपत नाही.’’

‘‘आणि तिला काय काय कळतं?’’

‘‘सगळं!’’

‘‘गाडीत कोण बसलंय ते?’’

‘‘ते कशाला लागतंय?’’

‘‘मग ठीक आहे,’’ ती म्हणाली आणि बादली उचलून आत गेली. माझ्या अभ्यासात तिने इतका रस घेतलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो, म्हणून मला जरा बरंही वाटलं.

खरं तर गाड्या या विषयाची तिला आवडच नाही, असं मी धरून चाललो होतो. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः तिला गाडी शिकवायला घेतली होती. तीन दिवस शिकवलं. म्हणजे पहिले दोन दिवस गाडी सुरू न करताच, माणसाला समोर धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत किती वेळ लागतो, ते तक्ता काढून समजावलं. तिसऱ्या दिवशी गाडी सुरू केली आणि तिच्या प्रत्येक चुकीला मी सेकंद सांगत गेलो. ती भर रस्त्यात दार उघडून उतरली आणि चालत घरी गेली. नंतर तो विषय निघाला नाही.

सात दिवसांनी पेटी प्रयोगशाळेत नेली आणि आकडे संगणकावर उतरवले. सोमवारी सकाळी दोन वाहनं. बरोबर. रात्री तीन. बरोबर. दुपारी अडीच ते सव्वातीन, बावीसचाकी ट्रक, अकरा!

मी चष्मा पुसला. मंगळवार, तीच वेळ, नऊ. बुधवारी एकही नाही. गुरुवारी चौदा! वेग ताशी चार किलोमीटर. रविवारी पुन्हा शून्य.

इथे एखाद्या अडाणी माणसाला शंका आली असती, की एवढ्याशा गल्लीत बावीसचाकी ट्रक शिरेल कसा, आणि शिरला तर वळेल कसा? पण मी अडाणी नव्हतो. माझे तीन सेमिस्टर झाले होते. मी विचार केला, महामार्गावर वजनकाटा आहे. जास्त माल भरलेले ट्रक काटा चुकवायला आडवाटेने येत असणार. वेग एवढा कमी का? कारण माल जास्त! रविवारी का नाहीत? सुट्टी! आणि बुधवारी का नाहीत? त्या दिवशी तपासणी असणार, त्यांना आधी खबर लागली असणार! जिथल्या तिथे पुरावा बसत गेला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

गाईडनी आकडे बघितले आणि ते खुर्चीतून उठले. ‘‘अहो, हा खरा प्रबंध आहे! चौक राहू दे. विषय बदला!’’

विषय बदलला. ‘निवासी गल्ल्यांमधून होणारी जड वाहनांची छुपी वाहतूक’. मी आमच्या खात्यातल्या मोठ्या साहेबांना फोन केला. साहेब आयुष्यात पहिल्यांदा मला ‘शाबास’ म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी ‘जड वाहनांस सक्त मनाई’ असा फलक लागला.

फलक लागल्यावर शेजारी जागे झाले. तळमजल्यावरचे वकील मला जिन्यात गाठून म्हणाले, ‘‘तरीच म्हटलं! दुपारी माझी कपाटं हादरतात.’’

‘‘तुम्ही ट्रक पाहिलेत?’’

‘‘पाहायला कशाला हवेत? मी झोपलेलो असतो. पण हादरतात!’’

दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींच्या भिंतीला गेली दहा वर्षं एक तडा होता. तो या ट्रकांमुळेच गेला, हे त्यांच्या आता लक्षात आलं. तिसऱ्या मजल्यावर डिझेलचा वास येऊ लागला. आठवड्याभरात चौदा रहिवाशांनी लेखी जबाब दिले. ट्रक कुणीच पाहिला नव्हता, पण त्याचा त्रास सगळ्यांना होत होता. मी सगळे जबाब परिशिष्टात जोडले.

फक्त बायकोची काही तक्रार नव्हती. जेवताना मी तिला उत्साहाने सांगत होतो, ‘‘दुपारी अडीच वाजता! रोज! तुझ्या नाकासमोरून ट्रक जातायत आणि तुला पत्ता नाही!’’

तिने घास हातातच ठेवला. ‘‘ट्रक?’’

‘‘बावीसचाकी!’’

‘‘आणि हे तुम्ही कॉलेजात सांगितलंत?’’

‘‘कॉलेजात, खात्यात, सगळीकडे! येत्या गुरुवारी बाहेरच्या परीक्षक स्वतः जागेवर येणार आहेत. साहेबही येतायत. परीक्षकांनी मान्य केलं की पदवी खिशात, नाहीतर दोन वर्षं पाण्यात.’’

‘‘गुरुवारीच का? शनिवारी ठेवा ना.’’

‘‘का?’’

‘‘सहज. दोन दिवस थांबलं तर काय बिघडतं?’’

‘‘अगं, पुरावे थांबत नसतात!’’ मी म्हणालो. ती काहीतरी बोलणार होती, पण मी तोवर तिला वजनकाट्याची आकृती ताटाशेजारी काढून दाखवायला लागलो होतो.

गुरुवारी सव्वादोनला आम्ही सगळे गल्लीत हजर झालो. बाहेरच्या परीक्षक म्हणजे साठीच्या, कमी बोलणाऱ्या, जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या बाई. या क्षेत्रात त्यांच्या एका ‘हं’वर लोकांची नोकरी ठरते. नळ्या मी पुन्हा ठोकल्या होत्या आणि पेटी थेट लॅपटॉपला जोडली होती. गाईडनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेबांनी सोबत फोटो काढायला माणूस आणला होता. वकील, मावशी आणि इतर साक्षीदार भिंतीला पाठ लावून ओळीने उभे होते. मला माझी वरची खुर्ची त्या गल्लीच्या टोकाला स्पष्ट दिसत होती.

अडीचला दोन मिनिटं कमी असताना इंजिनाचा आवाज आला.

‘‘आला!’’ वकील म्हणाले आणि त्यांनी भीतीने मावशींचा हात धरला.

कोपऱ्यावरून एक छोटीशी पिवळी मोटार वळली. टपावर ‘शिकाऊ चालक’ अशी पाटी होती. तिच्या काचेतून डोकं बाहेर काढून मोटार शिकवणारे एक काका ओरडले, ‘‘बाजूला व्हा हो मंडळी! बाई शिकतायत!’’

आम्ही बाजूला झालो. मोटार हळूहळू आली. पुढची चाकं पहिल्या नळीवर चढली आणि थांबली. मग मागे आली. पुन्हा चढली, दुसऱ्या नळीपर्यंत गेली, थांबली, मागे आली. एकदाही बंद पडली नाही. इतकं हळू आणि इतकं नेटकं गाडी चालवणारं माणूस मी अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं. मनात म्हटलंसुद्धा, की वा, कोण आहे ही?

आणि मी चालकाच्या जागेवर बघितलं.

‘‘बावीसचाकी,’’ परीक्षक लॅपटॉपकडे बघत शांतपणे म्हणाल्या. पडद्यावर खरोखरच तसं उमटलं होतं. पुढची चाकं नळीवर सहा वेळा पुढेमागे झाली की बिचाऱ्या पेटीला ती सहा आसांच्या लांबलचक ट्रकची वाटत होती. ‘‘हा घ्या तुमचा ट्रक.’’

काका तोवर खाली उतरून साहेबांशी हात मिळवत होते. ‘‘या नळ्या तुमच्या खात्याने टाकल्या का? फार उपकार झाले! शिकवायला सगळ्यात रिकामी गल्ली म्हणून मी ही धरली, पण रेघ मारायला खडू पुरायचा नाही. आता बघा, चाक नळीवर आलं की पायाला बरोबर कळतं. बाईंचा क्लच आठवड्यात सुधारला!’’

परीक्षकांनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘या बाई कोण, काही कल्पना?’’

पुढचं सांगायला मला आजही संकोच वाटतो. पण सांगायला बसलोच आहे तर सांगतो. साहेब बघत होते, गाईड बघत होते, दोन वर्षं बघत होती. मी म्हणालो, ‘‘इथल्याच कुणी असतील.’’

मोटारीची काच उघडी होती. बायकोने ब्रेक लावला, गियर काढला, हँडब्रेक ओढला. सगळं ठरल्या क्रमाने. मग म्हणाली, ‘‘अहो, पित्ताची गोळी विसरलात. टेबलावरच आहे.’’

फोटोवाल्याने नेमका त्याच वेळी फोटो काढला!

साहेब आपल्या गाडीत जाऊन बसले. साक्षीदार पांगले. वकील जाताजाता म्हणाले, की कपाटं तरीही हादरतात, त्याचं काय? गाईड इस्त्रीच्या शर्टासकट दिव्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. परीक्षकांनी मात्र मोटारीजवळ जाऊन बायकोला विचारलं, ‘‘परीक्षा कधी आहे?’’

‘‘उद्या,’’ बायको म्हणाली.

‘‘आरसा बघायला विसरू नका,’’ त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, ‘‘ट्रक काढून टाका, चौकाचा विषय परत घ्या. पण मिळालेले आकडे असे नुसते खोडता येत नाहीत. ते कुठून आले याची नोंद हवी. या बाईंची रीतसर मुलाखत घ्या. प्रवाशांची छापील प्रश्नावली असते ना, ती. एकही रकाना रिकामा चालणार नाही. ती वाचून मी सही करायची की नाही ते ठरवेन.’’

म्हणजे माझी पदवी आता बायकोच्या उत्तरांवर अडकली होती.

शुक्रवारी ती पहिल्याच प्रयत्नात पास झाली. (मी तिसऱ्यांदा झालो होतो. हे तिला माहीत नाही.) शनिवारी संध्याकाळी मी प्रश्नावली घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो. ती समोर बसली, हात पुसून, अगदी परक्या माणसासमोर बसावं तशी.

‘‘आधी एक विचारू?’’ मी म्हणालो. ‘‘मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असतात. हे फॉर्ममध्ये आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग फॉर्ममधलं विचारा.’’

मी विचारायला लागलो. ‘‘प्रवासाची सुरुवात?’’

‘‘घर.’’

‘‘प्रवासाचा शेवट?’’

‘‘घर.’’

‘‘बुधवारी प्रवास केला नाहीत, कारण?’’ फॉर्म हातात असला की माणूस आपोआप बायकोलाही अहोजाहो करतो.

‘‘बुधवारी आईकडे असते. तुम्हाला माहीत आहे.’’

मला माहीत होतं. पण संगणकासमोर आठवलं नव्हतं. मी पुढचा प्रश्न वाचला. ‘‘सध्या प्रवासासाठी वापरात असलेलं साधन?’’

‘‘नवरा.’’

छापील पर्यायांत बस होती, टॅक्सी होती, पायी होतं. नवरा नव्हता. मी ‘इतर’वर खूण केली. मला थोडं हसू आलं. तिला आलं नाही.

‘‘गेल्या सहा महिन्यांत या साधनासाठी करावी लागलेली सर्वाधिक प्रतीक्षा?’’

‘‘पन्नास मिनिटं.’’

‘‘ठिकाण?’’

‘‘खाली. आपल्या गाडीशेजारी.’’

मी मान वर केली. ती टेबलाकडे बघत बोलत होती, हळू, पण न थांबता.

‘‘आई पडली तो दिवस. शेजारणीचा फोन आला, की आतून हाका येतायत आणि दार बंद आहे. दुसरी किल्ली माझ्याकडे. टॅक्सीला फोन केले, कुणी येईना. तुम्हाला सतरा वेळा फोन केला. बंद होता. गाडी तुम्ही खाली ठेवून गेला होतात. एका हातात आईच्या दाराची किल्ली आणि एका हातात गाडीची, अशी मी उभी होते. पन्नास मिनिटांनी टॅक्सी मिळाली. दार उघडलं तेव्हा आई ओल्या फरशीवर होती, ओठ निळे पडले होते. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, आलीस का.’’

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा तिने मला म्हटलं होतं, की टॅक्सी मिळायला वेळ लागला. मी म्हणालो होतो, त्या वेळेला लागतोच. आणि चौकाचे आकडे वहीत उतरवायला बसलो होतो. त्या दिवशी मी चौकात एकोणीसशे वाहनांचा विलंब मोजला होता, दशांश चिन्हाच्या पुढेपर्यंत.

मला लाज वाटली. ती दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगता येत नाही. सासूबाई आज वॉकर धरून चालतात, मला बघून हसतात, माझ्या अभ्यासाची चौकशी करतात. त्यांनीही मला कधी काही म्हटलं नव्हतं.

‘‘लिहिलंत का?’’ बायकोने विचारलं.

‘‘लिहितोय,’’ मी म्हणालो. लिहायला मला फार वेळ लागला.

‘‘प्रवासाचा हेतू?’’ हा प्रश्न मी तसाच विचारला, कारण रकाना रिकामा ठेवता येत नव्हता.

‘‘परत तसं उभं राहायला लागू नये,’’ ती म्हणाली. मग उठून तिने दोघांसाठी चहा ठेवला. चहा होईपर्यंत ती स्वयंपाकघरात होती आणि मी फॉर्मपुढे होतो.

शेवटचा एक रकाना राहिला होता. तो प्रवाशाला विचारायचा नसतो. त्यावर छापलेलं असतं, ‘विलंबाचे कारण : सर्वेक्षकाने स्वतःच्या निरीक्षणावरून नोंदवावे.’ मी एक शब्द लिहिला आणि फॉर्म पाकिटात घातला.

सोमवारी गाईडनी तो परीक्षकांकडे पाठवायच्या आधी बारकाईने तपासला. ओळीवर बोट ठेवत खालपर्यंत आले आणि शेवटी थांबले.

‘‘अहो, हे काय? इथे नुसतं ‘सर्वेक्षक’ लिहिलंत. सर्वेक्षकाची सही खाली, त्या कोपऱ्यात करायची असते. इथे विलंबाचं कारण लिहायचं.’’

‘‘सर,’’ मी म्हणालो, ‘‘कारणच लिहिलंय.’’